कोंडा एकत्र आणा : नागपूर आणि पूर्व विदर्भातल्या मिलचालकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतले सर्व राईस मिल व रोलर फ्लोअर मिल चालक

सप्रेम नमस्कार, वि. वि.

धान भरडायला आला की आपलं सगळं लक्ष तांदळाकडे असतं, आणि ते साहजिक आहे. सरकारी भरडाईत एका क्विंटलमागे कच्च्या तांदळाचे ६७ किलो, उष्ण्याचे (आधी उकडलेल्या धानाच्या तांदळाचे) ६८ किलो मोजून द्यावे लागतात. तुकडा किती, ओलावा किती, यावर गाडी उतरते किंवा परत फिरते. उरलेल्या बत्तीस-तेहतीस किलोंबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. त्यात वीस-बावीस किलो तूस असतं, सात-आठ किलो कोंडा असतो, थोडी माती-कचऱ्याची घट असते. गव्हाच्या रोलर मिलमध्ये शंभर किलो गव्हामागे वीस-पंचवीस किलो चोकर, म्हणजे गव्हाचा कोंडा, निघतो. तूस बॉयलरला आणि वीटभट्टीला जातं, धानाचा कोंडा तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटला किंवा गोठ्यात, चोकर ढेपेच्या दुकानात. त्या दिवशी जो भाव मिळेल तो घ्यायचा आणि गोदामातली जागा मोकळी करायची, ही आपली रीत.

हे पत्र त्या कोंड्याबद्दल आणि चोकराबद्दल आहे. माझं शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं आणि काम धान्याच्या मालाची तपासणी करण्याचं, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या मिलवर माझं येणंजाणं असतं. माझी विनंती पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ती डोळ्यांसमोर राहील. तुम्ही मिळून आपला कोंडा आणि चोकर ताजा, स्वच्छ आणि एका ठिकाणी गोळा करण्याची व्यवस्था उभी करा. आणि त्या मालापासून प्रीबायोटिक साखरा काढणारा एक सामायिक प्रायोगिक प्लांट नागपुरात मागा. क्रम हाच हवा. आधी माल, मग प्लांट. आजवर या विषयावर जी चर्चा कानावर आली, ती बहुतेक यंत्रापासून सुरू होते आणि यंत्राच्या किमतीपाशी थांबते. मालाबद्दल कोणी विचारत नाही, आणि खरा प्रश्न तर मालाचाच आहे.

आता या साखरा म्हणजे काय ते सांगते. कोंड्याच्या पेशींच्या भिंतीत ॲरॅबिनोझायलन नावाचा तंतू असतो. झायलोज या साखरेचे रेणू एकामागे एक जोडले जाऊन त्याचा लांबलचक कणा तयार होतो आणि जागोजागी त्याला ॲरॅबिनोजच्या फांद्या फुटलेल्या असतात. हा तंतू आपल्याला पचत नाही आणि कोंड्यात तो पाण्यातही सहज सुटत नाही. पण उसाच्या गंडेऱ्या कराव्यात तसे त्या कण्याचे दोन ते दहा रेणूंचे तुकडे केले की जे हाती येतं ते झायलो-ओलिगोसॅकराइड. या धंद्यातले लोक त्याला एक्सओएस म्हणतात. गव्हाच्या चोकरापासून काढताना काही तुकड्यांवर ॲरॅबिनोजच्या फांद्या तशाच राहतात, आणि तेही उपयोगी असतात. हा पदार्थ पाण्यात विरघळतो, चवीला हलका गोड लागतो, आंबट पेयात टिकतो आणि उकळलं तरी मोडत नाही. म्हणजे ताकात, बिस्किटात, सरबतात, बाळाच्या आहारात किंवा कोंबडीच्या खाद्यात, कुठेही तो घालता येतो.

एक्सओएस पचवणारी पाचकद्रव्यं माणसाच्या लहान आतड्यात नाहीत. त्यामुळे तो रक्तात साखर म्हणून न जाता तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे बिफिडोबॅक्टेरिया नावाचे उपकारक जिवाणू त्याच्यावर वाढतात आणि त्यातून ॲसिटेट, लॅक्टेट अशी आम्लं तयार होतात. त्यांच्यावर दुसरे जिवाणू जगतात आणि ब्युटिरेट बनवतात, जे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न आहे. खाणाऱ्याला थेट न पचता त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणारा पदार्थ, ही प्रीबायोटिकची कल्पना ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. एक्सओएसचा विशेष असा की त्याची मात्रा थोडी लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना ८ आठवडे रोज १.४ किंवा २.८ ग्रॅम एक्सओएस दिलं गेलं आणि त्यांच्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया वाढलेले दिसले. चमचाभरसुद्धा नाही. इतर प्रीबायोटिक तंतूंची मात्रा सहसा याहून बरीच जास्त ठेवावी लागते.

यावर कोणी तुम्हाला सांगेल की या पावडरीने मधुमेह बरा होतो, वजन उतरतं, कर्करोग टळतो. तसं सांगणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. जिवाणू वाढतात, शौच मऊ होतं, इथपर्यंत बोलायला भक्कम आधार आहे. त्यापुढचे दावे अजून सिद्ध व्हायचे आहेत, आणि जास्त खाल्लं तर पोटात वायू धरतो हेही खरं आहे. आपल्याला जो धंदा उभा करायचा आहे तो खऱ्या गुणावर चालणारा हवा. खोट्या दाव्यांवर उभा राहिलेला माल एका नोटिशीत बाजारातून उतरतो, आणि त्याच्यासोबत चांगल्या मालाचंही नाव जातं.

कायद्याची वाट मोकळी आहे. एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल नियमांत प्रीबायोटिक पदार्थांच्या यादीत झायलो-ओलिगोसॅकराइडचं नाव आहे. युरोपीय संघाने मक्याच्या कणसापासून काढलेल्या एक्सओएसला २०१८ मध्ये नवं अन्न म्हणून मान्यता दिली. जपानने आरोग्याला उपकारक अशा पदार्थांसाठी १९९१ मध्येच वेगळी मान्यता पद्धत आणली होती आणि अशा साखरांची सवय तिथल्या ग्राहकाला कधीच झाली. चीनमध्ये याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन होतं, दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून. म्हणजे तंत्र प्रयोगशाळेच्या पुढे कधीच गेलेलं आहे. आपल्याकडे फक्त ते आलेलं नाही.

आता आपल्या मालाकडे येते. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण चुकीचा माल धरला तर पुढचा सगळा खर्च वाया जाईल.

पूर्व विदर्भात सगळ्यांत जास्त काय निघतं? तूस. साहजिकच पहिला विचार तुसाचा येतो. माझं मत स्पष्ट आहे: तुसाच्या मागे लागू नका. तुसात जो झायलन, म्हणजे झायलोजचा तंतू, असतो तो लिग्निन या लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्यात घट्ट जखडलेला असतो, आणि तुसाच्या वजनाचा पाचवा हिस्सा राख असते, जी जवळपास सगळी सिलिका. ही सिलिका पात्यांना आणि पंपांना झिजवते, अल्कलीत विरघळते आणि गाळणीत परत गोठते. तूस जाळायला उत्तम आहे. त्याच्या वाफेवरच आपला हा नवा प्लांट चालवता येईल, आणि तेच त्याचं योग्य काम.

धानाचा कोंडा हा वेगळा विषय. त्यात पंधरा ते वीस टक्के तेल असतं आणि तेल फोडणारं लायपेझ हे एन्झाइमही असतं. दाण्यात दोन्ही वेगवेगळ्या थरांत राहतात. पॉलिशरमध्ये दाणा घासला गेला की ती एकत्र येतात आणि त्याच क्षणापासून तेल फुटायला लागतं. मे महिन्याच्या नागपुरात, पत्र्याच्या शेडखाली, सकाळचा कोंडा संध्याकाळी वासाला वेगळा लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून या कोंड्याला निघाल्याबरोबर उष्णता देऊन स्थिर करावं लागतं. मग तेल काढायचं, आणि उरलेल्या तेलविरहित कोंड्यातून ॲरॅबिनोझायलन. जुलै २०२३ मध्ये केंद्राने तेलविरहित कोंड्याची निर्यात थांबवली तेव्हा या मालाचा बाजार एका अधिसूचनेवर कसा हलतो ते सॉल्व्हंटवाल्यांनी पाहिलं आहे. त्याचा आणखी एक खरेदीदार घरातच असणं त्यांच्याही हिताचं आहे. फक्त हे लक्षात घ्या की जुन्या हलरचा कोंडा या कामाचा नाही. त्यात तूस आणि कोंडा एकत्र भरडून येतात. शेलर आणि पॉलिशर वेगळे असलेल्या मिलचाच कोंडा घ्यावा लागेल.

माझी पहिली पसंती मात्र गव्हाच्या चोकराला आहे. राईस मिलवाल्यांना हे वाचून वाईट वाटेल, पण कारण ऐका. चोकरात कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्के ॲरॅबिनोझायलन असतं. तेल कमी, त्यामुळे तो इतक्या लवकर खवट होत नाही. सिलिका नगण्य. शिवाय तो आधीच खाण्याच्या दर्जाच्या मिलमधून, चाळण्यांमधून आणि चुंबकांवरून आलेला असतो. दिवसाला १०० टन गहू दळणारी मिल धरली तर वीस-पंचवीस टन चोकर, आणि त्यात चार-पाच टन ॲरॅबिनोझायलन. ते सगळं हाती येत नाही. अर्धं जरी साखरेच्या तुकड्यांत उतरलं तरी काम चांगलं झालं असं म्हणता येईल. पण एका मिलमागे रोजचे दोन टन हा आकडा लहान नाही. म्हणून सुरुवात चोकराने व्हावी आणि त्याच यंत्रांवर दुसऱ्या टप्प्यात तेलविरहित कोंडा यावा.

मक्याचाही उल्लेख करते. दाणे काढलेल्या कणसात झायलनचं प्रमाण चोकराहून जास्त, तीस टक्क्यांच्या वर असतं. आपल्या शेजारचा छिंदवाडा मक्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथून नागपूरचा रस्ता दूर नाही. पण तो शेतावर विखुरलेला माल आहे, मिलच्या दाराशी पडलेला नाही. तो नंतर पाहता येईल. डाळ मिलची टरफलं हा तर आणखी वेगळा अभ्यास आहे.

चोकरातून साखर कशी काढायची? आधी त्यातला स्टार्च काढावा लागतो. गरम पाण्यात ॲमायलेझ घालून तो विरघळवायचा, मग प्रोटिएझने प्रथिनं सोडवायची आणि धुऊन घ्यायचं. उरलेला तंतू फेरुलिक आम्लाच्या गाठींनी एकमेकांशी बांधलेला असतो, त्या गाठी सैल कराव्या लागतात. त्यासाठी एक मार्ग अल्कलीचा आहे आणि दुसरा दाबाखालच्या तप्त पाण्याचा, दीडशे ते एकशेऐंशी अंशांचा. अल्कलीने काम लवकर होतं, पण नंतर ती आम्लाने मारावी लागते आणि हाती क्षारांचं पाणी उरतं. तप्त पाण्यात रसायन लागत नाही, पण तापमान किंवा वेळ जरा जास्त झाला की साखरेचं फरफ्युरल होतं, रंग येतो, जळका वास येतो. मग एंडो-झायलनेझ हे एन्झाइम लांब तंतू कापतं. ते निवडताना एक काळजी घ्यावी लागते: त्याच्यासोबत बीटा-झायलोसिडेझ फार नको, नाहीतर तुकड्यांचे पुन्हा तुकडे होऊन सुटं झायलोज बनतं आणि प्रीबायोटिकचा गुण जातो. शेवटी सक्रिय कार्बन, आयन एक्स्चेंज, मेम्ब्रेन गाळण, आटवणं आणि स्प्रे ड्रायरमध्ये पावडर. यातलं कोणतंही यंत्र भारताला नवीन नाही. दूध पावडरच्या आणि ग्लुकोजच्या कारखान्यांत ही सगळी रोज चालतात.

एन्झाइमसाठीही परदेशाकडे पाहायची गरज नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झायलनेझवर अनेक दशकं संशोधन झालं आहे, आणि ठाण्यात मुख्यालय असलेली एक कंपनी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला औद्योगिक एन्झाइम बनवते. हे सगळं आपल्याच राज्यात.

एक सूचना मला फार महत्त्वाची वाटते. नागपूर हे नमकीनचं शहर आहे. कुरकुरीत खाऊ काढणारे एक्सट्रूडर इथे आहेत आणि ते चालवणारे, दुरुस्त करणारे कुशल हातही आहेत. चोकर ओलसर करून एक्सट्रूडरमधून काढला तर उष्णता, दाब आणि घुसळण यांनी त्याचा तंतू सैल होतो, पाण्यात सुटणारं ॲरॅबिनोझायलन वाढतं आणि पुढच्या एन्झाइमचं काम हलकं होतं. धानाचा कोंडा त्याच यंत्रातून एकशेवीस-तीस अंशांवर काढला तर लायपेझ मरतं आणि कोंडा टिकाऊ होतो. म्हणजे एकच यंत्र दोन्ही मिलवाल्यांच्या उपयोगाचं. सामायिक केंद्रात पहिलं यंत्र कोणतं घ्यावं असं मला विचाराल तर मी एक्सट्रूडर म्हणेन. उरलेला प्लांट उभा राहायला वेळ लागला तरी स्थिर केलेल्या कोंड्याला तेलवाल्याकडे आणि खाद्यवाल्याकडे चांगली मागणी राहील, आणि यंत्र पहिल्या दिवसापासून आपला खर्च काढायला लागेल.

पाण्याचं मी झाकून ठेवणार नाही. या प्रक्रियेला पाणी बरंच लागतं आणि स्टार्च-प्रथिनं असलेलं धुवण नाल्यात सोडलं तर त्याची दुर्गंधी उष्ण्या मिलच्या सांडपाण्याहून वाईट असेल. वैनगंगा, कन्हान आणि नाग नदी यांच्यावर आणखी भार घालायचा आपल्याला हक्क नाही. पण त्याच धुवणात खाद्यमूल्य आहे. स्टार्चचं पाणी बायोगॅसला देता येतं आणि प्रथिनं साका करून वेगळी काढता येतात. सांडपाण्याचा आराखडा प्लांटच्या आराखड्याच्या आधी तयार व्हावा, अशी माझी अट आहे असंच समजा. यासाठी लागणारं ज्ञान नागपुरातच आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली नीरी, १९५८ पासून याच शहरात पाण्यावर काम करते आहे.

याला जोडूनच गोठ्यांचा प्रश्न येतो, आणि तो मला रात्री सुचला तेव्हा मी हे पत्र अर्धवट ठेवून आधी त्याचा विचार केला. चोकर आणि कोंडा आज म्हशी-गायी खातात. आपण तो उचलला आणि खाद्याचा भाव चढला, तर आपल्या फायद्याची किंमत भंडाऱ्याच्या, काटोलच्या, उमरेडच्या गोपालकाने मोजली असं होईल. ते मला मान्य नाही आणि तुम्हालाही नसावं. म्हणून दोन गोष्टी सुरुवातीपासून ठरवाव्या लागतील. पहिली, आपण गावातला विकला जाणारा सगळा कोंडा उचलणार नाही. प्रायोगिक प्लांटला त्याचा लहानसा भागच पुरतो. दुसरी, प्रक्रियेत वेगळी होणारी प्रथिनं आणि उरलेला चोथा वाळवून परत खाद्यातच जावा, आणि त्याचा भाव ठरवताना दूध संघांचा माणूस समोर बसलेला असावा.

बाजार कुठला धरायचा, यावर माझं मत बहुतेकांहून वेगळं आहे. सगळ्यांना शहरी औषध दुकानातल्या डब्याचं आकर्षण असतं. पण पंचाण्णव टक्के शुद्धतेची पावडर काढायला सगळ्यांत महागडे टप्पे शेवटचे असतात. पस्तीस टक्क्यांची पावडर, जिच्यात बाकी भाग वाहक पदार्थाचा असतो, खूप कमी खर्चात निघते, आणि ती पशुखाद्यात चालते. कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात एक्सओएस जगभर वापरलं जातं, आतडं निरोगी राहावं म्हणून. वाढीसाठी प्रतिजैविकं खाऊ घालण्याची पद्धत आता बंद होत चालली आहे. युरोपने ती २००६ पासून थांबवली, आणि आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. कुक्कुटपालकाला पर्याय हवाच आहे. सुरुवात कोंबडीच्या खाद्यापासून करावी, तिथे हात बसवावा, आणि मग माणसाच्या अन्नाकडे जावं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे. खाद्याच्या चाचण्या बसवायला याहून जवळ कोण असेल?

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिलं, तिच्याकडे येते. तुमच्या मिलमध्ये तांदळाचं पोतं जिथे लागतं ती जागा झाडलेली असते. कोंडा जिथे पडतो ती नसते. पंख्याने उडवलेला कोंडा सायक्लोनखाली, म्हणजे हवेतून कोंडा वेगळा करणाऱ्या शंकूखाली, जमिनीवर साचतो, फावड्याने भरला जातो, पोतं पूर्वी युरियाचं होतं की सिमेंटचं हे कोणी पाहत नाही. कोपऱ्यात घुशी असतात. पावसाळ्यात भिंतीकडचा थर ओला होऊन बुरशी धरतो आणि तोच पुढच्या पोत्यात मिसळतो. हे दोष दाखवायला मी लिहीत नाही. ज्या मालाला कचऱ्याचा भाव मिळतो तो कचऱ्यासारखाच ठेवला जाणार. पण साखर काढायची तर हीच गोष्ट आधी बदलावी लागेल. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन साध्या उकळण्याने जात नाही. फवारणीचे अंश दाण्याच्या बाहेरच्या थरात, म्हणजे नेमके कोंड्यात, जास्त राहतात. धानाच्या बाबतीत आर्सेनिकही पांढऱ्या तांदळापेक्षा कोंड्यात जास्त सापडतं. म्हणून कोणत्या भागातला माल कसा आहे याची तपासणी आधी झाली पाहिजे.

प्रयोगशाळांमधले निकाल मिलवर उतरत नाहीत याचं एक मोठं कारण हेच आहे. विद्यार्थी दुकानातून दोन किलो स्वच्छ चोकर आणतो, त्यावर सुंदर आकडे येतात, प्रबंध होतो. मिलचा खरा चोकर, वेगवेगळ्या महिन्यांतला, वेगवेगळ्या गव्हाचा, त्या टेबलावर कधी जातच नाही. तो फक्त तुम्हीच देऊ शकता. म्हणून मी विद्यापीठाला किंवा सरकारला पत्र न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आणि तपासणारी जागा दूर नाही. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवली, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेलतंत्र, अन्नतंत्र, रासायनिक अभियांत्रिकी हे सगळे विभाग एका आवारात आहेत, आणि २०२३ मध्ये ही संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली. या मातीतल्या उद्योगाला तंत्र मिळावं म्हणून एका उद्योजकाने दिलेला तो पैसा होता. तुमचा माल त्या आवारात जाणं यापेक्षा त्याचा अधिक योग्य उपयोग मला सुचत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्रासाठी मदतीची तरतूद आहे, पण त्यासाठी उद्योजकांनी आधी स्वतःची कंपनी स्थापन करावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतही सामायिक सुविधांसाठी ३५ टक्के कर्जसंलग्न अनुदान ठेवलं आहे. दोन्ही ठिकाणी एकट्या मिलवाल्यापेक्षा एकत्र आलेल्यांना वाव आहे. बुटीबोरी, हिंगणा, मौदा, कुठेही जागा मिळाली तरी चालेल. माझ्या मते मौदा चांगलं, कारण एका बाजूला नागपूरच्या फ्लोअर मिल आणि दुसऱ्या बाजूला भंडाऱ्याचा धान.

एक गोष्ट मला मिलवर नेहमी ऐकू येते: ‘ताई, हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपण भरडाईवाले.’ नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या छोट्याशा शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या, त्या वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं जपल्या आणि त्यातून एचएमटी धान दिला. तो धान आज तुमच्याच मिलमधून भरडला जातो. त्यांच्या हाती प्रयोगशाळा नव्हती, मोठी कंपनी नव्हती. दादाजींना त्यांच्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही, हेही आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. या भागात काही नवं घडतं तेव्हा त्याची मालकी या भागातल्या लोकांकडे राहावी, यासाठीही मी सामायिक कंपनीचा आग्रह धरते आहे. बाहेरचा कोणी येऊन स्वस्तात कोंडा उचलून नेईल आणि पावडर परत आपल्यालाच विकेल, तर आपण फक्त पोती भरण्याचंच काम करत राहू.

म्हणून दिवाळीनंतर नवा धान येण्याआधी एवढं करूया. तयार असलेल्या मिलवाल्यांनी एक बैठक घ्यावी, कळमन्यात किंवा भंडाऱ्यात, जिथे सोयीचं असेल तिथे. प्रत्येकाने आपल्या मिलचा कोंडा किंवा चोकर नव्या, न वापरलेल्या पिशवीत दहा किलो आणावा. पॉलिशरच्या किंवा चाळणीच्या तोंडाशी थेट पिशवी धरून भरलेला, जमिनीवर पडलेला नको. पिशवीवर मिलचं गाव, भरल्याची तारीख आणि वेळ, धानाची किंवा गव्हाची जात, कच्चा की उष्णा, आणि यंत्र हलर की शेलर एवढं लिहावं. धानाचा कोंडा असेल तर तो भरल्याबरोबर कढईत किंवा भट्टीत गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर बंद करावा, आणि किती वेळ गरम केला तेही लिहावं. ओलावा, राख, स्टार्च, प्रथिनं, ॲरॅबिनोझायलन, अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशकांचे अंश आणि आर्सेनिक, या तपासण्यांचा आराखडा करून द्यायला आणि पिशव्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवायला मी तयार आहे. निकाल सगळ्यांचे सगळ्यांसमोर ठेवले जावेत. मिलचं नाव न लिहिता, फक्त क्रमांकाने, म्हणजे कोणाला संकोच वाटायला नको. ते आकडे हाती आले की कोणत्या तालुक्याचा माल पहिल्या टप्प्यात घ्यायचा आणि यंत्र केवढ्या क्षमतेचं मागायचं, हे आपण पुढच्या बैठकीत ठरवू शकू.

आपली नम्र,
एक अन्नतंत्रज्ञ, नागपूर